पाखरू काही पडेना

वीडनबेकेत नेमबाजांची जत्रा कधी असते हे कुणी कॅलेंडरात लिहून ठेवत नाही. श्वास कधी घ्यायचा हे कुणी लिहून ठेवतं का? जुलैतला पहिला शनिवार, आणि त्याला लागून येणारे रविवार आणि सोमवार. पोरगं रांगायला लागण्याआधीच त्याला हे ठाऊक असतं. आणि नेमकं तेच रोस्विता हेंगेसबाखला नडलं. जिल्हा कचेरीत हँबर्गहून नवा साहेब आला होता. त्याने वीडनबेके नगरपालिकेचं कॅलेंडर उघडलं, तो सोमवार त्याला पांढराशुभ्र दिसला, आणि त्याने खुशाल त्याच दिवशी डाइकहाऊस नावाच्या उद्योजक बाईंना बोलावून घेतलं.

रोस्विताला हे कळलं तेव्हा बाई नेदरलँड्सहून निघून, सायकल घेऊन डोंगरात सुट्टी घालवायला पोचल्यासुद्धा होत्या. आता नको म्हणायची सोय नव्हती.

गावात उद्योगधंदे आणायचे, हे रोस्विताचं काम. नगरपालिकेत तिच्या दारावर तशी पाटीच होती. गेली तीन वर्षं ती एकाच गोष्टीमागे हात धुऊन लागली होती. नदीकाठचा जुना दिव्यांचा कारखाना रिकामा पडला होता. तिच्या बापाचं आयुष्य तिथे गेलं. या हिवाळ्याआधी तो कुणी घेतला नाही, तर पाडून तिथे मालमोटारी उभ्या राहणार होत्या. डाइकहाऊस बाई दवाखान्यातल्या खाटांची चाकं बनवत, आणि त्यांना दुसरा कारखाना काढायचा होता. त्यांच्या डोळ्यासमोर दोन जागा होत्या. एक ही, आणि दुसरी तिकडे पूर्वेला. ती सपाट, स्वस्त आणि हमरस्त्याला खेटून. झाउअरलांडच्या डोंगरांत सपाट काय असतं? वीडनबेकेत फुटबॉलचं मैदान तेवढं सपाट म्हणायचं, आणि तेही एका बाजूला कललेलं. पाहुणे संघ नाणेफेकीला फार जपत.

म्हणून रोस्विताने गावाच्या बलस्थानांचं एक देखणं पत्रक बनवलं होतं. पहिलं बलस्थान कामसूपणा. आणि सगळ्यात ठळक अक्षरांत, अचूकपणा.

सोमवारी सकाळी ती बाईंना घेऊन औद्योगिक वसाहतीत गेली.

"इथे काय बनतं?" बाईंनी विचारलं.

"झडपा. कॉफीच्या यंत्रातल्या. सकाळी हॉटेलात कॉफी घेतलीत ना, ती यांच्याच झडपेतून आली."

"गेटला कुलूप आहे."

"आहे खरं."

"आणि हे?"

"ओव्हनच्या दाराच्या बिजागऱ्या. दार हातातून सुटलं तरी आपटत नाही, अलगद बसतं."

"इथेही कुलूपच."

"ते कुलूपसुद्धा गावातच बनलंय," रोस्विता म्हणाली, आणि आपण हे का बोललो असं तिला झालं.

डाइकहाऊस बाई उंच, सडसडीत आणि तोंडाच्या फटकळ. "हे बघा," त्या म्हणाल्या, "तुमच्या पत्रकात पहिलं नाव कामसूपणाचं आहे. मला अजून एक माणूस काम करताना दिसला नाही. एक मांजर दिसलं, तेही झोपलेलं."

तेवढ्यात टेकडीवरून बँडचा आवाज आला आणि त्यामागोमाग एक गोळीचा. रोस्विताने पत्रक पिशवीत घातलं. "चला वर. सगळे मालक, कामगार, नगराध्यक्ष, पाद्री, एकाच रांगेत भेटतील तुम्हाला."

वर टेकडीवर सॉसेज भाजले जात होते, बिअर वाहत होती, आणि गावची सगळी पुरुषमंडळी हिरवे कोट घालून रांगेत उभी होती. उंच खांबाच्या टोकावर लाकडी गरुड, आणि त्याच्यामागे गोळ्या अडवायला लाकडी पेटी. खाली लोखंडी घोडीवर बंदूक आवळलेली. हात थरथरायचा प्रश्नच नाही, नळीचं तोंड तेवढं वळवायचं. जो पाखराचा शेवटचा तुकडा पाडेल, तो वर्षभर गावचा राजा.

झडपांच्या कारखान्याचा मालक थेओ कालथोफ घाईघाईने पुढे सरकू पाहत होता. त्याच्याच कारखान्यातला लेथवाला त्याच्या कॉलरला धरून म्हणाला, "ए थेओ, मागे हो. कारखाना तुझा असेल, रांग माझी आहे."

"सोड रे, पाहुण्यांना नमस्कार करायचाय."

"लांबून कर."

डाइकहाऊस बाईंना हे आवडलेलं दिसलं. पण मग त्यांनी वर पाहिलं. पाखराचा मुकुट, राजदंड, दोन्ही पंख केव्हाच उडाले होते. ते पाडणाऱ्याला नुसतं कौतुक मिळतं, म्हणून ते अर्ध्या तासात उरकलं होतं. उरलं होतं ते धड, एका ढलपीवर लोंबत. आणि ते काही पडेना. एकेक जण येई, डोळा बारीक करी, गोळी सोडी, खांद्यांनी हळहळ व्यक्त करी आणि लगबगीने रांगेच्या शेवटी जाऊन उभा राही.

"अरे, लाजा धरा!" नेमबाजांच्या पलटणीचा कप्तान हुबेर्टुस कर्ण्यातून ओरडला. "तिकडे ग्रेवेनहागनमध्ये जेवणाआधी पाखरू पडतं! आणि तिथे निम्मे लोक शाळामास्तर आहेत!"

कुणी ढिम्म हललं नाही. कारण उघड होतं. राजाला आख्ख्या पलटणीला पाजावं लागतं, वर्षभर आजूबाजूच्या प्रत्येक गावच्या जत्रेला मिरवावं लागतं, आणि राणीला दर वेळी नवा झगा. गेल्या वर्षीच्या राजाच्या अंगणात पलटण अशी नाचून गेली होती, की तिथे अजून गवत उगवलेलं नव्हतं.

"तो आत्ता चुकला तो कोण?" बाईंनी विचारलं.

"तो... आमच्या कारखान्यांतला सगळ्यात निष्णात मापारी. केसाचे उभे काप मोजतो."

"बंदूक घोडीवर बांधलेली. पाखरू बदकाएवढं. आणि हा चुकला." बाईंनी पत्रकासाठी हात पुढे केला. "अचूकपणा कितव्या पानावर होता?"

रोस्विताला वाटलं, खांबावर चढून त्या पेटीआड लपावं. पूर्वेकडची ती सपाट जमीन तिला लख्ख दिसू लागली, आणि बापाच्या कारखान्याच्या जागी ओळीने मालमोटारी. तिचा नवरा एगबेर्ट नुकताच नेम चुकवून, हळहळून, रांगेच्या शेवटी निघाला होता. त्याच्या गळ्यात शिकारीची दुर्बीण होती. बाईंनी ती मागून घेतली आणि डोळ्यांना लावली.

दुर्बीण पाखरावरून हळूहळू मागच्या पेटीवर सरकली.

"बघा तुम्ही," त्यांनी दुर्बीण रोस्विताच्या हातात दिली.

रोस्विताने पाहिलं. मागच्या पेटीवर, पाखराच्या अंगाला धरून, भोकांची एक रेघ होती. मानेभोवती वळण घेत, पोटाखालून, शेपटीपर्यंत. एखाद्या शिंपिणीने कापडाच्या काठाला टाके घालावेत तशी. धडाला एकही गोळी लागलेली नव्हती, आणि धडापासून बोटभराहून लांब एकही गेलेली नव्हती.

"यांच्यातला एकही माणूस चुकलेला नाही," डाइकहाऊस बाई म्हणाल्या.

रोस्विता नवऱ्याकडे वळली. "एगबेर्ट, तुझी गोळी कुठली?"

"मानेपाशी. डावीकडची." एगबेर्टचे कान लाल झाले. "केसभर आत गेली असती तर पडलंच असतं."

"मग?"

"अगं, क्षणभर मनात आलं होतं, तुला राणी करावं. मग आठवलं, यंदा दिवाणखान्याला नवे पडदे घ्यायचेत."

डाइकहाऊस बाई मनापासून हसल्या. मग गंभीर झाल्या. "चाकं अचूक बनतील, याबद्दल माझी खात्री पटली. पण आता मला दुसरीच काळजी लागली. शुक्रवारी संध्याकाळी माझं यंत्र बंद पडलं, तर ही सगळी हुशार मंडळी हत्यारं घेऊन त्याच्याभोवती अशीच बोटभर अंतरावर उभी राहणार का? तू हो पुढे, नाही, तू हो पुढे?"

याला पत्रकात पान नव्हतं. रोस्विताने पिशवी एगबेर्टच्या हातात कोंबली आणि रांगेच्या पुढे चालू लागली.

"अगं, कुठे निघालीस?"

"नेम धरायला."

"तू? पण बायकांना..."

"चार वर्षांपूर्वी ठराव झालाय. तूसुद्धा हात वर केला होतास."

"मी बिअर मागवत होतो!"

कप्तानाने कर्णा खाली घेतला. रोस्विता घोडीपाशी गेली, डोळा मिटला, चाप ओढला. गोळी पेटीच्या वरून गेली आणि मागच्या बीचच्या झाडाची एक फांदी खाली आली. दिवसातला पहिला खराखुरा चुकलेला नेम.

मग मात्र मंडळींच्या ध्यानात आलं की ही बाई खरंच पाडायला निघाली आहे, म्हणजे बला आपल्या गळ्यातून गेली. सगळ्यांच्या अंगात एकदम वारं शिरलं. लेथवाल्याने घोडीचा स्क्रू पाव वेढा पिळला. थेओने स्वतःचा चष्मा तिच्या नाकावर चढवला. मापाऱ्याने बोट ओलं करून वारा पाहिला. "डावीकडे, रोस्विता! अगं, तुझं डावं!" "श्वास सोड आधी!" "तिच्या कानात ओरडू नकोस रे, गाढवा!" पाद्रीबाबांनी नुसतेच डोळे मिटून घेतले.

रोस्विताने दुसऱ्यांदा चाप ओढला आणि ढलपी तुटली. धड दोनदा गिरकी घेऊन गवतात पडलं, आणि बँडवाल्यांनी सापडेल ती धून सुरू केली. रोस्विता खांद्यांवर गेली. गावाची पहिली महिला राजा! कप्तान हुबेर्टुस तर रडायलाच लागला. ग्रेवेनहागनला आता तोंड दाखवता येणार होतं.

"रोस्विता!" गर्दीतून एगबेर्ट ओरडत होता. "राजाच्या नवऱ्याने काय घालायचं असतं?"

"पडदे!" रोस्विता वरून म्हणाली.

तिला खाली उतरवल्यावर डाइकहाऊस बाई बिअरचे दोन पेले घेऊन आल्या. "तर शुक्रवारी संध्याकाळी यंत्र अडलं, की फोन तुम्हाला करायचा."

"मला करा. मला काही येत नाही, पण मी गेले की हे सगळे येतात."

"ते पाहिलं मी. आणि अशा सोमवारी अडलं तर?"

खोटं बोलावं की काय, असं रोस्विताच्या मनात येऊन गेलं. "त्या सोमवारी कुणी येणार नाही," ती म्हणाली.

"मंगळवारी?"

"मंगळवारी तर आवाजसुद्धा करू नका."

बाईंनी फोन काढला, कॅलेंडर उघडलं आणि पुढच्या जुलैतल्या जत्रेच्या सोमवारावर बोट ठेवून काहीतरी लिहिलं. मग त्याच्या पुढच्या वर्षीच्या. मग त्याच्याही. वीडनबेकेची जत्रा कुणी कॅलेंडरात लिहिण्याची ती पहिलीच वेळ.

"दहा वर्षांचं लिहून ठेवते," त्या बोट न थांबवता म्हणाल्या. "भाड्याचा करार तुमच्याकडे दहा वर्षांचाच करतात ना?"