राखेचा बुधवार आणि गजराबाईची भगर

अठ्ठ्याण्णव साली ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार आणि महाशिवरात्र एकाच दिवशी आली. हे ज्यानं ठरवलं, त्याला वर बसून गंमत पाहायची असणार.

त्या पहाटे नगरच्या चर्चमधली दहा-बारा माणसं सायकलींवर आळेफाट्याच्या लांबच्या वाटेनं पुण्याला निघाली. पाय गमावलेल्या पोरांना कृत्रिम पाय मिळावेत म्हणून मदत गोळा करायची ही मोहीम. पुढं फादर, मागं थकलेल्यांना उचलायला टेम्पो. फादरांनी प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला होता, आणि सूर्य मावळेपर्यंत पाण्याशिवाय पोटात काही घालायचं नव्हतं.

सगळ्यांत मागं चांगदेव, साठी उलटलेला. त्याची नात सुप्रिया अशाच मोहिमेतून मिळालेल्या पायावर शाळेत जाऊ लागली होती. म्हणून त्यानं देवाला शब्द दिला होता, की पुण्यापर्यंत सायकल माझ्याच पायांनी नेईन, टेम्पोत बसणार नाही.

आणे गावाच्या माळावर वारं उठलं. तिथलं वारं असं, की एका मेंढीची लोकर उतरवून दुसरीला चढवतं आणि धनगराला संध्याकाळी मेंढरं आवाजावरून ओळखावी लागतात. चांगदेव कितीतरी वेळ पायडल मारत होता, पण शेजारची बाभळ काही मागं पडेना. दोनदा तो उतरून रस्त्याकडेला बसला. फादर परत फिरून बजावून गेले, की आता बसलात तर टेम्पोतच.

तिसऱ्यांदा तो बसला नाही, पडलाच. तोही जानकू धनगराच्या कळपात. मेंढरं इतकी दाट, की तो जमिनीला लागलाच नाही, पाठींवरनंच बराच लांब गेला, असं जानकू पुढं सांगायचा. दर वर्षी ते अंतर थोडं वाढायचं.

जानकूनं त्याला बाभळीखाली टेकवलं. घामानं क्रूस पसरून कपाळभर राख झाली होती. ते भस्म पाहून जानकूनं हात जोडले आणि भीमाशंकरला निघालात का, म्हणून विचारलं. चांगदेवाच्या कोरड्या तोंडून एवढंच निघालं, की उपास आहे. जानकूची बायको गजराबाई हसली. शिवरातीला उपास कुणाला नसतो? तिनं डबा सोडून भगर आणि शेंगदाण्याची आमटी पुढं ठेवली.

वास आला तसं चांगदेवाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण फसवून खायचं त्याच्या जिवावर आलं. आपण ख्रिस्ती, ही राख वेगळी आणि आमच्या उपासाला काहीच चालत नाही, असं त्यानं सांगून टाकलं.

गजराबाई चाट पडली. "भगरीनं उपास मोडतो? मग आमी जलमभर काय केलं वो, भाऊ?"

तेवढ्यात टेम्पो येऊन थांबला. फादरांनी परत फिरून मागचं फाळकं उघडलं. चांगदेवानं एकदा फाळक्याकडं पाहिलं, एकदा भगरीकडं. उपाशी उठावं तर पाय उचलत नव्हते, जेवावं तर उपास बुडत होता.

"फादर," तो म्हणाला, "उपास माझा हाये. शब्द पोरीच्या पायापायी दिलाय. एकच राखता येणार असंल, तर शब्द राखतो."

"आन् तुमच्या देवानं इचारलं तर माझं नाव सांगा," गजराबाईनं आमटी वाढत म्हटलं. "म्हणावं, लई आग्रेव केला बाईनं."

चांगदेवानं डोळे मिटून प्रार्थना केली आणि जेवला. फादरांनी फाळकं लावलं. लावताना त्यांनी आवंढा गिळला, असं टेम्पोवाला शपथेवर सांगतो.

पुढं आण्याचा घाट चांगदेव असा उतरला, की त्याची सावली आळेफाट्याला येऊन त्याला भेटली. दिवेलागणीला सगळे मंचरला पोचले. तिथं प्रार्थनेत प्रत्येकानं देवाचे आभार मानायचे होते. कुणी तब्येतीबद्दल मानले, कुणी रस्त्याबद्दल. रस्त्याबद्दल मानणारा बहुतेक टेम्पोतून आला असावा.

चांगदेव उभा राहिला. मनात जुळवून आणलेली लांबलचक प्रार्थना त्याला आठवेचना.

"बापा," तो म्हणाला, "गजराबाईचा उपास पावू दे. माझा अर्धा राहिलेला बी तिच्याच नावावर घे."

सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हटलं ते फादरांनी.