कड्याचा पायथा

"पायथा कापायचा नाही," जेसीबीपुढे उभी राहून अंगमो म्हणाली.

हिमाचलातल्या स्पितीच्या रस्त्यावर बत्तीस वर्षं दगड फोडता फोडता ती टोळीची मुकादम झाली होती; सगळे तिला आमा, म्हणजे आई, म्हणत. कांगड्याहून नवे आलेले इंजिनियर राणासाहेब वैतागले.

"आमा, बर्फ पडायच्या आत रस्ता रुंद व्हायला हवा. वरून कापत बसलो तर महिना जाईल."

"जाऊ दे. या कड्याखाली माझी चौदा माणसं उभी राहायचीत."

"एवढा भक्कम कडा!"

"भक्कम कसला? समुद्राच्या तळाचा गाळ हा. थरावर थर बसत गेले, युगं लोटली, गाळाचा दगड झाला. मग दक्षिणेकडून जमीन आली ढुशी देत, याकसारखी. समुद्र हटला, तळ उचलला, उचलता उचलता कलला. बघा ना, सगळे थर रस्त्याकडेच झुकलेत."

"कुठल्या कॉलेजात शिकलात?"

"खडक तपासणाऱ्यांची खोकी वाहिली पाच उन्हाळे. ओझं पाठीवर होतं साहेब, कान मोकळे होते."

टोळी खिदळली. जेवणाची वेळ झालीच होती. अंगमोने ताटात सहा रोट्या रचल्या, मधे मधे लोणी चोपडलं आणि खालच्या कडेला तळहात लावून ताट साहेबांकडे कलतं केलं.

"रोट्या म्हणजे थर. लोणी म्हणजे मुरलेलं बर्फाचं पाणी. हात म्हणजे पायथा."

तिने हात काढला. सहाच्या सहा रोट्या साहेबांच्या मांडीवर.

या वेळी कुणी हसलं नाही. जेसीबीवाल्या पाल्देनने किल्ली काढून खिशात टाकली. टोळी बसल्या जागेवरून उठेना.

लोणी पुसत साहेब उठले. कड्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"वरून कापा," ते शेवटी म्हणाले. "पण आमा, चारचौघांत माझी ही शोभा! उद्यापासून हजेरीपटावर तुमचं नाव नाही."

"खोडा," अंगमो म्हणाली. "माणसं वाचली, बास."

पाल्देन काही बोलायला उठला. तिने डोळ्यांनीच त्याला बसवलं, शाल झटकली आणि गावाची वाट धरली.

वळणापर्यंत ती पोचली, तेव्हा वर पहारी वाजू लागल्या होत्या. पहिले दगड गडगडत रस्त्यावर आले. समोरून बटाट्यांचा ट्रक येत होता. अंगमो रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, झेंडी नव्हती, रिकामाच हात वर केला.

"किती वेळ, आमा?" ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं.

"माझी माणसं वर आहेत. दगड थांबले की सांगते."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.