कुंभारणीचं घर

गयास मास्तरांनी बद्रीनाथला किडे शिकवले ते उर्दूत. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि औरंगाबादेतल्या त्या शाळेत सगळंच उर्दूत चालायचं. किड्याचे तीन भाग कोणते, तर सर, सीना, पेट. पाय सहा आणि सगळे सीन्याला जोडलेले. त्याहून जास्त पाय दिसले तर तो किडा नव्हे, कोळी असेल नाहीतर गोम. अंड्यातून अळी, अळीचा कोष, कोषातून पंखवाला जीव. हे सारं मास्तरांनी झाडाच्या पानांवर, भिंतीच्या फटीत दाखवून दाखवून पोरांच्या डोक्यात भरलं होतं.

घरी मात्र मराठी. आणि देवळात तर मराठीचा नुसता पूर. गुलमंडीच्या मागच्या आळीतल्या विठोबाच्या देवळात बुवांचं कीर्तन असलं की बद्रीनाथ ताटावरून उठून जाई. बुवांचा आवाज गोड, दाखले त्याहून गोड. मृदंगावर थाप पडली आणि बुवांनी उपरणं सावरलं की बद्रीनाथला वाटायचं, देव आता खांबाआडून ऐकतोय. असं वाटण्यात काही चूक नव्हती. कीर्तनात तो खरंच ऐकत असतो.

पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, शाळा हळूहळू मराठी झाली. बद्रीनाथ तोवर त्याच शाळेत धाकट्या वर्गांचा मास्तर झाला होता. गयास मास्तरांना मराठी बोलता यायचं ते भाजीपाल्यापुरतं. हेडमास्तरांनी त्यांचे विज्ञानाचे वर्ग तूर्त बद्रीनाथकडे दिले आणि दोघांनाही समोर बसवून सांगितलं की विज्ञानाची जागा एकच राहणार आहे. इन्स्पेक्टरसाहेब येतील, गयास मास्तरांचा मराठीतला एक पाठ बघतील. जमला तर जागा त्यांची, नाहीतर बद्रीनाथची कायम.

बाहेर आल्यावर बद्रीनाथची मान वर होईना. ज्यांनी बोट धरून शिकवलं त्यांच्याच जागेवर आपण बसलो, हे त्याला खात होतं. गयास मास्तरच म्हणाले, "बद्री, मला मराठी शिकव. तू मेरा शागिर्द होतास, आता मी तुझा."

तेव्हापासून गयास मास्तर त्याच्या वर्गात मागच्या बाकावर पोरांत बसू लागले. दाढी पिकलेला तो माणूस 'मुंगी', 'मुंगळा', 'टोळ', 'नाकतोडा' असं ओठातल्या ओठात घोकायचा. पोरं हसायची, मग तेच हसायचे. संध्याकाळी बद्रीनाथ त्यांना कीर्तनाला न्यायचा. ते आत येत नसत. देवळाच्या पायरीवर बसून ऐकत. भागूबाई नावाची फुलं विकणारी म्हातारी त्यांच्यासाठी आपलं पोतं रोज थोडं सरकवून घ्यायची.

अडचण बद्रीनाथचीही होती. मराठी विज्ञानाचं पुस्तक अजून आलं नव्हतं. किड्यांचे शब्द त्याला हवे होते आणि ते त्याला मिळत होते घरातून, रानातून आणि कीर्तनातून. कीर्तनातून शब्द येताना एकटा येत नाही. त्याच्या पाठीमागून गोष्टही येते.

एके दिवशी चितेगावचा सांडू घराच्या चौकटीवरचं मातीचं इवलंसं मडकं खरवडून वर्गात घेऊन आला. म्हणाला, "मास्तर, ह्ये कुंभारणीचं घर. आत काय असतं?"

बद्रीनाथला आनंद झाला. हे तर त्याला तोंडपाठ होतं. त्यानं सांगितलं की कुंभारीण नावाची ही माशी चिखलाचं घर बांधते, कुठून तरी एक अळी धरून आणते, आत कोंडते आणि वरून गुणगुणत राहते. अळी भ्यालेली असते. तिला दुसरं काही सुचत नाही. कुंभारीण, कुंभारीण, एवढाच ध्यास. आणि त्या ध्यासानं एक दिवस अळीचीच कुंभारीण होते अन् घर फोडून उडून जाते. सांगता सांगता त्याचा आवाज बुवांसारखा चढला. पोरं पुढं सरकली. एकानं तर डोळे पुसले.

मागच्या बाकावर गयास मास्तरांनी मान वर केली होती. मग त्यांनी ती खाली घातली. तास संपल्यावर एवढंच म्हणाले, "छान सांगितलं. बुवांचं ना?" बद्रीनाथ खुशीत हो म्हणाला.

त्याच वर्गात, खिडकीशी, गयास मास्तरांनी त्याला कधीकाळी मिट्टीचं घर बांधणारी भिड, म्हणजे गांधीलमाशी, दाखवली होती. तिच्याबद्दल त्यानं परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं, अगदी बरोबर. पण ती भिड उर्दूत होती आणि ही कुंभारीण मराठीत. बद्रीनाथच्या डोक्यात दोघी दोन खोल्यांत राहत होत्या आणि मधे दार नव्हतं.

इन्स्पेक्टरसाहेब आले. खुर्ची टाकून बसले, शेजारी बद्रीनाथ. गयास मास्तर फळ्यापुढे उभे राहिले. आधी थोडे अडखळले. 'किड्याची छाती' म्हणायच्या ऐवजी 'किड्याचा छाती' म्हणाले, पण पुढं चालत राहिले. मग त्यांनी खिडकीच्या चौकटीवरचं ओलसर, नवंच बांधलेलं मातीचं घर पट्टीनं हलकेच उचललं, मेजावर ठेवलं आणि चाकूनं उघडलं. पोरं भोवती गोळा झाली. आत हिरव्या अळ्या दाटीनं पडल्या होत्या आणि वर एक बारीक दोऱ्याला पांढरं अंडं टांगलेलं होतं.

"ही अळी मेली नाही," गयास मास्तर म्हणाले. "जिंदा आहे. कुंभारीणने डंख मारला, म्हणून हलत नाही. वरती अंडा आहे. त्यातून कुंभारीणचा बच्चा येईल. त्याला ताजा खाना लागतो. तो हिला खाईल, कोष करेल, मग बाहेर."

सांडू उभा राहिला. "पण बद्रीनाथ मास्तर म्हणले व्हते, अळीचीच कुंभारीण व्हते."

साहेबांनी वळून बद्रीनाथकडं पाहिलं.

त्या क्षणी त्याला सगळं आठवलं. खिडकी, भिड, गयास मास्तरांचं तरुणपणीचं बोट, परीक्षेतलं उत्तर. एकच वाक्य बोलायचं होतं, माझं चुकलं. जीभ जागेवर होती, तोंडात होती. तो मेजावरच्या चाकूकडे बघत बसून राहिला.

गयास मास्तर थोडा वेळ थांबले. त्याच्यासाठीच थांबले होते. मग पोरांकडे वळून म्हणाले, "बद्रीनाथ मास्तर बरोबर असतील. माझी मराठी कच्ची आहे. मी सांगायला चुकलो."

साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं आणि पाठ संपला.

त्या दिवशी संध्याकाळच्या कीर्तनाला बद्रीनाथ गेला, कारण दुसरं कुठं जावं ते त्याला कळेना. पायरीवर गयास मास्तर नव्हते. भागूबाईनं पोतं सरकवून जागा केलीच होती. तिनं विचारलं, तुमचे दाढीवाले मास्तर आज आले नाहीत व्हय? तो चपला काढून आत गेला.

बुवा काय बोलले ते त्याला ऐकू आलं नाही. आरती झाली, बुक्का लागला आणि रीतीप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. कीर्तनाच्या शेवटी लहानमोठं कुणी राहत नाही. जो समोर येईल तो विठ्ठल. सांडूचा बाप कारभारी बाजाराला आला होता, तो वाकून बद्रीनाथच्या पायाला लागला. म्हणाला, "आमच्या पोराला तुमच्यासारखा मास्तर भेटला, लई पुण्याई."

बद्रीनाथनं पाय मागं घेतले. भिंतीला टेकेपर्यंत मागं घेतले. वाकून परत नमस्कार करायचा असतो, तोही त्याच्यानं झाला नाही. कपाळावरचा बुक्का तसाच ठेवून तो देवळातून निघाला आणि साहेब उतरले होते त्या डाक बंगल्यावर गेला.

साहेब चहा पीत होते. गयास मास्तर बरोबर होते, चूक माझी, हे बद्रीनाथचं सगळं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "जागा एकच आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"व्हय साहेब."

"मग वर्गात का नाही बोललात?"

बद्रीनाथनं आधी लाज वाटली असं सांगितलं. मग स्वतःच मान हलवली. "नाही साहेब. उस्ताद मला उघडं पाडणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणून गप्प बसलो."

साहेबांनी कप खाली ठेवला. पैठणची गाडी सकाळी उशिरा आहे, तोवर पाठ पुन्हा बघतो, म्हणाले. पण पोरांना सांगायचं ते तुम्ही सांगायचं.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ पोरांपुढे उभा राहिला. मी शिकवलं ते चूक होतं, म्हणाला. खरं काय ते गयास मास्तरांनी मला मी तुमच्याएवढा असताना शिकवलं होतं, आणि काल ते माझ्यासाठी खोटे ठरले. एवढं बोलून तो मागच्या बाकावर सांडूच्या शेजारी जाऊन बसला. पोरं त्याच्याकडे वळून बघत राहिली. बघू नका म्हणायचाही हक्क आता आपल्याला नाही, असं त्याला वाटलं.

गयास मास्तरांचा पाठ साहेबांपुढं पुन्हा झाला. शेवटी सांडूनं विचारलं, "मग बुवा खोटं बोलले का?"

गयास मास्तरांना शब्द शोधायला वेळ लागला. "नाही, बेटा. बुवांनी दिलाची गोष्ट सांगितली. दिल ज्याचा ध्यास घेतो तसा होतो, ते खरं आहे. किडा नुसता दाखला. इथं वर्गात आपण किड्याची गोष्ट करतो."

बद्रीनाथला वाटलं, आपण इतकी वर्षं आत बसून ऐकलं, आणि ते कळलं पायरीवर बसणाऱ्याला.

भाषा कच्ची, शिकवणं पक्कं, असा शेरा मिळाला आणि जागा गयास मास्तरांकडे राहिली. बद्रीनाथ पुन्हा धाकट्या वर्गांकडे आला, बाराखडी आणि पाढे. गावात मात्र त्याचं नाव झालं. खरं बोलणारा मास्तर म्हणून लोक रस्त्यात थांबवून रामराम घालू लागले. प्रत्येक रामरामाला त्याचा चेहरा उतरायचा. एक आख्खी दुपार आपण गप्प होतो, हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

गयास मास्तर पुन्हा पायरीवर दिसले तेव्हा कीर्तन संपलं होतं. बद्रीनाथ बाहेर आला आणि त्यांच्या पायाशी वाकला. त्यांनी पाय आखडून घेतले, त्याचे हात वरच्यावर धरले आणि शेजारी बसवलं. रागाचा एक शब्द नाही. म्हणाले, "एक लफ्ज पाहिजे, बद्री. ती अळी. जिंदा आहे, सगळं कळतं तिला, पण हलत नाही. मराठीत काय म्हणतात?"

बद्रीनाथ चपलेत पाय घालत होता. एक पाय तसाच राहिला.

"लुळी, उस्ताद."

"लुळी," गयास मास्तर म्हणाले. शब्द पक्का बसावा म्हणून त्यांनी तो आणखी एकदा म्हटला, आणि आणखी एकदा. बद्रीनाथ खाली बघून ऐकत राहिला.