डाव्या हाताची खोड

मास्तरांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत, आणि या खेपेला त्यांनी बँडसॉ मनावर घेतला होता.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर, वय अठ्ठावन्न. चाळीस वर्षं दुनियेचे कोट शिवून झाल्यावर त्यांना गिटार बनवायचं खूळ लागलं. वाजवता येत नव्हती आणि शिकायचाही विचार नव्हता. बनवायची होती, बस. पहिली गिटार त्यांनी हातकरवतीने कापली. आठ महिने लागले. गिटार वाजली, पण उजव्या हाताचा अंगठा पार कामातून गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, करवत किंवा कात्री, दोन्हींपैकी एकच काय ते या अंगठ्याला झेपेल. कात्रीवर घर चालत होतं. म्हणजे गिटारचं प्रकरण इथेच मिटलं, असं मास्तरांच्या बायकोने गृहीत धरलं. मास्तरांनी धरलं नाही.

"बँडसॉ घेतो," ते म्हणाले. "पट्ट्याची करवत विजेवर फिरते, आपण लाकूड नुसतं पुढे सरकवायचं. अंगठ्याला काही कामच नाही."

"कसं असेल? अंगठाच राहणार नाही," बायको काजं करता करता म्हणाली. "दुखतोय तो बरा. निदान जागेवर तरी आहे."

मास्तर दुसऱ्याच दिवशी दुकानं पालथी घालायला निघाले. खिसा बेताचा होता. खिशाला परवडणारं नवं मशीन टेबलावर ठेवायचं, खेळण्याएवढं निघालं. साडेतीन इंचांपेक्षा उंच लाकूड त्यात जातच नव्हतं. आणि मास्तरांना तर सात इंच रुंदीची फळी काठावर उभी करून मधोमध चिरायची होती. अशा चिरलेल्या फळीचे दोन भाग वहीसारखे उघडून जोडले की लाकडाच्या रेषा मध्यावर समोरासमोर येतात, आणि गिटारचं तोंड उजळून निघतं. कोटाच्या पाठीवर चौकडी जुळली नाही तर अख्खी पाठ उसवणारा हा माणूस, तो रेषांशी तडजोड कशाला करील? मोठ्या मशीनकडे मात्र त्यांनी किंमत ऐकल्यावर परत वळूनही पाहिलं नाही.

शेवटी त्यांना एका म्हाताऱ्या सुताराचा पत्ता लागला. त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, म्हणून तो शेड आवरत होता. त्याचा बँडसॉ जुना, रंगाचे पोपडे उडालेला, पण चाकं बिडाची आणि फिरायला एकदम सरळ. साडेसात इंच उंचीचं लाकूड त्यात जात होतं, आणि किंमत मास्तरांच्या आवाक्यातली.

"खोटं कशाला बोलू?" सुतार म्हणाला. "करवत आणि मागचा खांब यांच्यात बाराच इंच जागा आहे. तुमची गिटार तेरा इंच रुंद. फिरायची नाही ती यात."

मास्तरांनी पिशवीतून गिटारचा कागदी खाका काढला, मशीनच्या टेबलावर अंथरला आणि कडेकडेने फिरवून दाखवला. गिटार सगळा वेळ करवतीच्या बाहेरच्या बाजूला राहिली; खांबाकडे गेला तो नुसता कापून टाकायचा भाग.

"कोट कापताना तरी मी दुसरं काय करतो?" मास्तर म्हणाले. "कोट माझ्याकडे, चिंधी पलीकडे."

सुताराने मान डोलावली. सौदा जवळजवळ झालाच होता. एकदा चालवून बघा, म्हणून त्याने एक टाकाऊ फळी पुढे केली आणि बटण दाबलं. मास्तरांनी फळी सरकवली. करवत झकास कापत होती. अर्ध्यावर गेल्यावर मास्तरांचा डावा हात आपसूक उठला, करवतीच्या मागे गेला आणि फळी पलीकडून ओढायला लागला.

सुताराने झडप घालून मशीन बंद केलं. पट्टा थांबल्यावर त्याने मास्तरांच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं.

"तो हात तिकडे कशाला गेला?"

मास्तर आपल्या हाताकडे शेजाऱ्याच्या हाताकडे बघावं तसे बघत राहिले. शिवताना कापड पुढून सोडायचं आणि सुईच्या मागून हलकेच ओढायचं, म्हणजे शिवण चुरगळत नाही. चाळीस वर्षं तो हात हेच करत आला होता. त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं, आणि नेमकी तीच पंचाईत होती.

"मशीन मी तुम्हाला देणार नाही," सुतार म्हणाला.

"पैसे कमी वाटत असतील तर..."

"पैशाचा विषय नाही. उद्या तुमच्या घरची बाई माझ्या दारात येऊन उभी राहील, तिला मी काय सांगू?"

"आणि खोड मोडली तर?"

"चाळीस वर्षांची? मोडली तर या."

मास्तरांनी घरी येऊन बायकोला सगळं खरं सांगितलं. ती मनात म्हणाली, सुटले. पण मास्तर तडक शिलाई मशीनवर बसले आणि डावा हात सुईच्या अलीकडेच ठेवून पँट शिवायला लागले. शिवणी नागमोडी आल्या. बायकोने निमूट उसवल्या. हात तरीही मागे जायचा तो जायचाच, आणि मास्तरांना त्याचा पत्ताही नसायचा. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना.

"तुम्हाला कळतच नाही तो कधी जातो ते," ती म्हणाली आणि लाकडी पट्टी घेऊन समोर बसली. हात सुईमागे गेला की पट्टी बसायची. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दोघांनी मोजणं सोडून दिलं. एका गिऱ्हाइकाने घाबरतच विचारलं, "वहिनी, मास्तरांनी केलं तरी काय?"

"अजून काही केलं नाही. करू नये म्हणून."

मास्तर एका शब्दानेही चिडले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात पट्टी बसणं निम्म्यावर आलं. चौथ्या आठवड्यात एक अख्खा दिवस ती नुसती मांडीवर पडून राहिली. दुकान बंद करताना बायको म्हणाली, "उद्या जाऊ. पण मी बरोबर येणार."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सुताराने फळी दिली आणि मशीन चालू केलं. फळी अर्ध्यावर आली तेव्हा तो मुद्दाम म्हणाला, "मास्तर, माझा जुना कोट पोटावर बसत नाही. सैल होईल का?"

"शिवणीत कापड किती दाबलंय ते बघून सांगतो," मास्तर वर न बघता म्हणाले. डावा हात होता तिथेच राहिला. फळी सरळ चिरत शेवटापर्यंत गेली. दाराशी उभ्या बायकोने तेव्हा कुठे श्वास सोडला.

"न्या," सुतार म्हणाला.

"महिनाभरात दुसरं कुणी आलं नाही का घ्यायला?" बायकोने विचारलं.

"चौघं आले. एक तर दीडपट द्यायला तयार होता. सगळ्यांना सांगितलं, विकलं गेलं."

"पण यांना तर तुम्ही नाही म्हणाला होतात."

"त्या हाताला नाही म्हणालो होतो, वहिनी. त्यांना नाही."

मास्तरांनी पैशासाठी खिशात हात घातला, पण त्याआधीच बायकोने आपली पर्स उघडली होती.