संयोगिताला दूध पाजणारं बोंडलं

मी एक जुनं चांदीचं बोंडलं आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलंही नसेल. लहानशी वाटी आणि तिला पुढे चिमणीसारखी चोच. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं भांडं, एवढीच माझी ओळख. हुपरीच्या कारागिराने मला घडवलं आणि शिरोळच्या एका शेतकऱ्याने पहिल्या नातवासाठी घरी आणलं. त्या घरातली कितीतरी बाळं माझ्यातून दूध प्यायली. पुढे बाटल्या आल्या आणि मी कपाटात काळा पडत राहिलो.

एका सकाळी चिमणाबाईंनी मला बाहेर काढलं. त्यांच्या मुलाला, ऋतुराजला, मुलगी झाली होती. नाव संयोगिता. तिचा वरचा ओठ दुभंगलेला होता आणि टाळूलाही फट होती. तिला दूध ओढताच येईना. बाटली दिली तर दूध नाकातून बाहेर यायचं.

मला घासून उकळलं. डॉक्टर आदितींनी बाळाच्या आईला, क्रांतीला, दाखवून दिलं होतं. बाळाला बसतं धरायचं, गालाच्या बाजूने थोडंथोडं दूध सोडायचं. आधी निम्मं दुपट्यावर सांडलं. मग घोट उतरू लागले. क्रांती रडत रडत पाजत राहिली.

तिच्या रडण्याला आणखीही एक कारण होतं.

"गिराणात इळीवर बसली हुतीस न्हवं? तवाच सांगितलं हुतं, काय चिरू नगंस म्हणून," चिमणाबाई येता-जाता बोलायच्या. ग्रहणात गरोदर बाईने काही चिरलं की बाळाचा ओठ फाटतो, असा त्यांचा समज. ऋतुराज सिगारेट पेटवायचा. क्रांती गरोदर असतानाही घराच्या पुढच्या सोप्यात असाच धूर कोंडलेला असायचा. त्याबद्दल मात्र कुणी बोलत नव्हतं.

मग ऋतुराजचे चुलते पिराजी बाळाला बघायला आले. ते नाकात बोलायचे आणि मोठ्या मिश्या राखायचे. त्या मिश्यांखाली काय आहे, हा विषय घरात कधी निघत नसे. वहिनींचं बोलणं ऐकून त्यांनी मिशी बोटाने वर केली. ओठावर टाक्यांचा जुना व्रण होता.

"वैनी, माझा ओठ बी असाच हुता. माझ्या आईला जलमभर गिराणावरनं बोलली माणसं. आता ह्या पोरीला बी बोलणार व्हय?"

चिमणाबाई मान खाली घालून उठल्या.

पुढच्या तपासणीला पिराजीही सोबत गेले. मी क्रांतीच्या पिशवीत होतो.

"ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नेमकं एक कारण सांगता येत नाही. घराण्यात आधी कुणाला असेल तर शक्यता वाढते. गरोदरपणात आईने सिगारेट ओढली तर धोका वाढतो, आणि दुसऱ्याचा धूर तिच्या श्वासात गेला तरी वाढू शकतो. कधी दोन्ही गोष्टी मिळून घडतं."

ऋतुराजने विचारलं, "म्हंजे माझ्यामुळंच झालं की, मॅडम?"

"ते कुणीच ठामपणे सांगू शकणार नाही. रक्तातलं तुमच्या हातात नाही. धूर आहे. आणि या बाळाच्या श्वासात तो अजूनही जातोय."

मित्रांनो, त्याने सिगारेट एका दिवसात सोडली नाही. चिडचिड केली, बडीशेप चघळली, पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. पिराजी रोज संध्याकाळी येऊन त्याच्याजवळ बसायचे. हळूहळू सोप्यातला वास गेला.

बाळाचं वजन भरलं, तसं कोल्हापुरात ओठाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर शेजारणीने ग्रहणाचं विचारलंच. चिमणाबाई कडाडल्या, "गिराण-बिराण काय न्हाय! आमच्याच रक्तात हाय, आन् घरात धूर बी हुता. माझ्या सुनंला कुणी काय म्हणायचं न्हाय!" क्रांतीने बाळाला छातीशी धरलं. त्या दिवशी ती हसली.

पुढे टाळूचंही ऑपरेशन झालं आणि माझं काम संपलं. आता मी देव्हाऱ्याशेजारी असतो, घासूनपुसून लखलखीत. मित्रांनो, तुमच्या घरात बाळ येणार असेल तर धूर ओढणाऱ्या माणसाला हात धरून थांबवा. आणि एखादं बाळ दुभंगलेला ओठ घेऊन आलं, तर त्याच्या आईला बोल लावू नका; बाळाला लवकर डॉक्टरांकडे न्या.

परवा पिराजींनी नृसिंहवाडीहून पिपाणी आणली. त्यांची टाळू कधी शिवलीच गेली नव्हती. फुंकलेली हवा नाकातून निघून जायची, म्हणून त्यांना आयुष्यात पिपाणी वाजवता आली नाही. आता चालती-बोलती झालेल्या संयोगिताने गाल फुगवून फुंकली. पिपाणी वाजली. चिमणाबाईंनी कानावर हात ठेवले.

"वाजीव," पिराजी म्हणाले, "आणखी वाजीव."