नंबर पुसलेला ठोकळा

मी मेणाचा ठोकळा बोलतोय. जवळ या, पण हात लावू नका. हाताळणाऱ्यांवरचा माझा विश्वास उडालाय.

आगपेटीपेक्षा लहान माझा देह. मधोमध दाण्याएवढा तुकडा आहे, तो पुना नानांच्या फुप्फुसाचा. जळगावच्या दवाखान्यात त्यांच्या बरगड्यांतून सुई घालून तो काढला, मेणात बसवला आणि मेणाखालच्या प्लास्टिकच्या चौकटीच्या कडेवर पेन्सिलीने नंबर टाकला. नानांना कॅन्सर आहे हे माझ्यावरूनच कळलं. पुढचे उपचार घराजवळ धुळ्यात घ्यायचं ठरलं, तेव्हा मला पाकिटात घालून त्यांच्या मुलाच्या, भूपेंद्रच्या हाती दिलं.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा मुंबईला तपासणीला पाठवा. गाठीच्या पेशींत ठरावीक बदल सापडला, तर केमोऐवजी रोज एक गोळी चालेल."

नानांची बायको कमलबाई तिथे गप्प बसल्या. घरी आल्यावर बोलल्या. उभा जन्म त्यांनी मार्केट यार्डात बाजरी विकलेली. व्यापारी पोत्यात टोकदार नळी खुपसतो, मूठभर दाणे काढतो, भाव पाडतो, आणि ते दाणे काही पोत्यात परत पडत नाहीत.

"नमुना एकदाव गया ते परत येस का? मुंबईवाला दुसरानाच दी देतीन."

"माय, गोळी लागू पडी का नही, ते यानावरथीनच समजस," भूपेंद्र म्हणाला.

खरं सांगतो, मला कमलबाईंचंच पटत होतं. मला कापायला पात्याचं यंत्र असतं, आणि प्रत्येक चकतीगणिक मी संपत जातो. हवं तेवढंच कापतील कशावरून?

अखेर कमलबाई तयार झाल्या. पण आधी त्यांनी पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग काढला आणि माझ्या कडेवर बोट फिरवलं. पोत्यांवर त्या अशीच खूण करत. "आते कोन बदलस ते देखस मी."

रंग नेमका नंबरावर बसला. भूपेंद्रने पाहिलं आणि तो हबकला. त्याने थिनरचा बोळा खसाखसा घासला. रंग गेला, नंबरही गेला. डॉक्टरीणबाईंना सांगायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने मला तसंच कुरियरने पाठवलं.

नवव्या दिवशी मी परत आलो. सोबत चिठ्ठी होती: नमुना कोणाचा ते ठरवता येत नाही, तपासणी केलेली नाही. माझा कपचाही कोणी काढला नव्हता. कमलबाईंनी आणि मी ज्यांच्यावर संशय घेतला, त्यांनी मला जसंच्या तसं घरी पाठवलं होतं. मला लाज वाटली. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी आला तर संशय जरूर घ्या, पण तो डॉक्टरांच्या तोंडावर बोलून दाखवा.

आता नानांच्या छातीत पुन्हा सुई घालणार. चार पावलांत त्यांना धाप लागते. "आखो सुई?" एवढंच त्यांनी विचारलं. कमलबाईंनी तोंड फिरवलं.

आज सकाळी तिघं धुळ्याला निघाले. निघताना कमलबाईंनी मला फळीवरून उचललं, दारातल्या उजेडात धरलं आणि हळूच विचारलं, "तू खरंच यासनाच शे ना?"

त्यांचाच आहे हो बाई, देवाशपथ त्यांचाच. ती गोळी त्यांना लागू पडेल की नाही, तेही माझ्या पोटात आहे. पण माझ्या शब्दावर कोणी गोळी लिहून देत नाही.