दात आवळून

आमच्या भिंगरीचं लक्ष एका जागी टिकत नाही आणि माणसांत ती मिसळत नाही. शाळेने स्पष्टच सांगितलं होतं, या सहामाहीत फरक दिसला नाही तर दुसरी शाळा बघा. बघा म्हणे! भाजी आहे का, इथे नाही तर पुढच्या गाडीवर? आधीच्या दोन शाळांनी बाहेरचा रस्ता दाखवलाच होता. आता या तिसऱ्या शाळेपलीकडे जवळपास शाळाच उरली नव्हती. म्हणून मी तिला थेरपीला घातलं.

तिथे डोक्याला गार पेस्ट लावून वायरी चिकटवतात. समोर पडद्यावर एक फुगा. मुलाचं लक्ष लागलं की फुगा वर जातो, भरकटलं की खाली येतो. मेंदूला म्हणे असं वळण लागतं. सुरुवातीला फुगा जमिनीवरच लोळायचा. मग एकदम चढायला लागला आणि त्याच्याबरोबर मीही हवेत. नणंदेला मुद्दाम फोन करून सांगितलं. बाईसाहेब जन्मात पहिल्यांदा गप्प बसल्या.

काल मात्र थेरपिस्ट फुगा सोडून भिंगरीच्या कानशिलाकडेच बघत होती. तिने भिंगरीच्या गालावर हात ठेवला. "बाळा, तोंड जरा सैल सोड बघू."

भिंगरीने सोडलं. फुगा खाली आला.

"ही दात आवळते," थेरपिस्ट म्हणाली. "जबडा ताणला की वायरी तेच पकडतात आणि मशीनला वाटतं, लक्ष लागलं. हे माझ्या ध्यानात आधीच यायला हवं होतं. चुकलंच माझं."

"म्हणजे इतके दिवस...?"

"काहीच उपयोग झाला नाही हो. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

माझं डोकंच फिरलं. "कशाला आवळतेस गं दात? कुणी शिकवलं?" मी भिंगरीवर खेकसले.

"तसं केलं की तू हसतेस," ती म्हणाली.

हिला कुणाचा चेहरा वाचता येत नाही, असं प्रत्येक डॉक्टरने मला ऐकवलं होतं. माझा वाचला होता तिने. मला रडू फुटलं आणि तिने घाईघाईने पुन्हा दात आवळले.

आज शाळेत बोलावलं होतं. मुख्याध्यापिका वाईट नाहीत. त्यांनी वर्गातली एक मुलगी भिंगरीसमोर बसवली. "गप्पा मारा बघू दोघी."

"तुझ्याकडे मांजर आहे?" मुलीने विचारलं.

आहे. त्या मांजराशी भिंगरी तासन्‌तास बोलते. बोल गं बाई, एवढं एकदा बोल, असं मी मनात घोकत होते.

भिंगरीने तिच्याकडे पाहिलं. थेट चेहऱ्याकडे, जे ती कधीच करत नाही. मग तिचा जबडा घट्ट झाला. ती त्या मुलीच्या हसण्याची वाट बघत राहिली. मुलीने पुन्हा विचारलं. भिंगरीने आणखी जोर लावला, हनुवटी थरथरायला लागली. मुलगी घाबरून उठली.

"बाई, ही माझ्यावर रागावलीय."

"रागावली नाही गं, मैत्री करतेय ती," मी म्हणाले. माझं मलाच ते वेड्यासारखं वाटलं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही दुसरीकडे बघा," त्या हळूच म्हणाल्या.

भिंगरी माझ्याकडे वळली. दात तसेच आवळलेले, डोळे माझ्या तोंडाकडे.

मी हसले.